नाशिक रोडजवळ उपनगर भागात १९९३ च्या बिल्डिंगमधला टू बीएचके घ्यावा का? घरचे वस्तीवरून नको म्हणतायत

ओवीची आई:

नमस्कार, बरेच दिवस इथे नुसतं वाचते, आज पहिल्यांदा विचारतेय. आम्ही जेल रोडला भाड्याने राहतो, मिस्टर अंबडला कंपनीत सुपरवायझर आहेत, मी बिटकोजवळ एका क्लिनिकचं रिसेप्शन आणि हिशोब बघते, मुलगी तिसरीत. दर अकरा महिन्यांनी नवीन ॲग्रीमेंट, भाडं वाढवा नाहीतर सोडा, आणि मागच्या घरमालकाने तर मुलगा परत येतोय म्हणून ऐन परीक्षेच्या तोंडावर घर रिकामं करायला लावलं, तेव्हापासून डोक्यात बसलंय की आता स्वतःचंच, लहान का होईना.

बजेट सगळं धरून, म्हणजे स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, डागडुजी सगळं मिळून तीस लाख, त्याच्यावर एक रुपया निघणार नाही. यात नवीन टू बीएचके शाळेच्या आणि कामाच्या जवळ बसत नाहीये, बसतोय तो पार गावाबाहेर. उपनगरला कॅनॉल रोडच्या बाजूला एक रिसेलचा फ्लॅट बघितला. बिल्डिंग १९९३ ची, खाली पार्किंग वर तीन मजले, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही, आणि फ्लॅट तिसऱ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. जुन्या ॲग्रीमेंटमध्ये ६८ चौरस मीटर बिल्टअप लिहिलंय. मालक पुण्याला मुलाकडे राहायला गेलेत, २६ लाख म्हणतायत, बसून बोललं तर कमी होईल असं एजंट म्हणाला. हवा-उजेड छान आहे, किचनला पूर्वेची खिडकी, खोल्या आत्ताच्या नवीन फ्लॅटपेक्षा चांगल्या मोठ्या.

आता अडलंय कुठे ते सांगते. बिल्डिंगमध्ये प्रेसमधून, म्हणजे नाशिक रोडच्या सरकारी नोटा-स्टॅम्पच्या छापखान्यातून रिटायर झालेले केरळचे काका-काकू आहेत, एक शीख फौजी कुटुंब आहे, रेल्वेतले बिहारचे एक जण, बिटकोला टेलरिंगचं दुकान असलेलं मुस्लिम कुटुंब, आमच्या समोरच्याच दारात एक ख्रिश्चन नर्स आणि त्यांची आई, बाकी आपले मराठी, त्यातली दोन घरं बौद्ध. सासूबाई आणि दीर सिडकोत उत्तम नगरला असतात, त्यांनी हे ऐकलं आणि सरळ नको म्हणाले. तिथे आपलं कोण आहे, मुलगी मोठी होतेय, उद्या विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळणार नाही, असं सगळं. मिस्टर मधल्या मध्ये. मला ती माणसं आवडली हे मी खरं सांगते. त्या केरळच्या काकूंनी न विचारता सांगितलं की पाणी सकाळी कधी येतं, कोणाकडे प्रेशर कमी पडतं आणि पावसाळ्यात वरच्या फ्लॅटला कुठल्या कोपऱ्यात ओल येते, जे एजंटने सांगितलंच नव्हतं.

तर तीस वर्षांच्या वरची बिल्डिंग घ्यावी का, लोन मिळतं का, कागद काय बघायचे, आणि वस्तीबद्दल ज्यांना खरंच माहितीये त्यांनी सांगा. ऐकीव नको, ऐकीव घरात भरपूर आहे.

---

प्रेस कॉलनीतली:

ताई, वस्तीचं मी सांगते कारण माझं सगळं लहानपण नेहरू नगरच्या प्रेस क्वार्टर्समध्ये गेलं आणि लग्नानंतर पण जय भवानी रोडलाच आहे.

आधी हे घरच्यांना सांगा की नाशिक रोड "मिक्स" झालेलं नाहीये, ते बसलंच तसं. रेल्वे स्टेशन आलं, १९२० च्या दशकात प्रेस आल्या, पलीकडे देवळालीला तोफखान्याचं सगळं, मग एकलहऱ्याचं वीज केंद्र, फाळणीनंतर सिंधी कुटुंबं देवळाली कॅम्पला आली. या प्रत्येक ठिकाणी नोकरीला देशभरातून माणसं आली, क्वार्टरमध्ये राहिली, मुलं इथल्याच शाळेत शिकली, आणि रिटायरमेंटचा पैसा आल्यावर गावी न जाता त्यांनी उपनगर, जेल रोड, जय भवानी रोड, दत्त मंदिर रोड असे फ्लॅट घेतले. तुम्ही जी बिल्डिंग सांगताय ती अगदी त्याच काळातली आणि तशीच भरलेली दिसतेय. म्हणजे तिथे जे "बाहेरचे" म्हणतायत ते तुमच्या दिरांपेक्षा आधीपासून नाशिककर असतील, त्या केरळच्या काकांना विचारा ते कुठल्या साली आले.

आमच्याकडे वर्ष कसं जातं सांगू का, फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा असते, मुंबई-वसईहून लोक येतात आणि पुणे रोडला त्या दिवशी गाडी काढायची नाही हे सगळ्यांना पाठ आहे. मग शिवजयंती, मग भीमजयंती, ईदला शेजारून शीरखुर्मा, ओणमला पायसम, गणपतीला सगळी पोरं वर्गणी मागत फिरतात आणि त्यात आडनाव कोणी बघत नाही. भांडणं पण होतात, पार्किंगवरून होतात, पाण्यावरून होतात, डीजेच्या आवाजावरून होतात, धर्मावरून झालेलं माझ्या डोळ्यासमोर तरी नाही. मुलगी मोठी होतेय म्हणतायत तर माझ्या मुलीचं सांगते, मी कामावरून यायच्या आधी ती शाळेतून येते आणि समोरच्या पंजाबी आजींकडे बसते, किल्ली पण त्यांच्याकडेच असते. हिंदी तिची माझ्यापेक्षा चांगली आहे.

आता वाईट पण सांगते नाहीतर म्हणाल की ही बाजूच घेतेय. पाणी. नाशिक रोडला चेहेडी बंधाऱ्यातून पाणी घ्यायचे, तिथे वालदेवीतलं सांडपाणी मिसळायचं म्हणून उन्हाळ्यात वास येतोय अशा तक्रारी कित्येक वर्षं चालल्या. तुमच्या बिल्डिंगला आता कुठून पाणी येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, बोअर आहे का, हे तिथल्या बायकांना विचारा, पुरुषांना माहीत नसतं. दुसरं म्हणजे मिस्टरांचं अंबड. उपनगरहून रोज द्वारका चौकातून किंवा पाथर्डीकडून जावं लागणार, द्वारकाला काय होतं ते सगळ्यांना माहितीये आणि आता सिंहस्थाची कामं काढलीयेत त्यामुळे रस्ते खोदलेले. मिस्टरांना एकदा सकाळी ड्युटीच्या टायमाला त्या दारातून निघून कंपनीत जाऊन बघू द्या, मग ठरवा.

आणि संध्याकाळी सातनंतर जाऊन बसा त्या बिल्डिंगच्या खाली. पोरं खेळतायत का, जिन्यात लाइट आहे का, कचरा कुठे टाकतात. बाकी जय भवानी रोडला अधूनमधून बिबट्या दिसतो, ती भीती मात्र खरी आहे 😄 लष्कराच्या हद्दीत झाडी आहे ना.

---

साईटवरचा:

नमस्कार ताई. मी सिव्हिलचं काम करतो, रिपेअरची कामं जास्त, म्हणून बिल्डिंगचं तेवढं सांगतो.

१९९३ म्हणजे घाबरण्यासारखं वय नाही पण डोळे झाकून घेण्यासारखं पण नाही. त्या काळात बहुतेक ठिकाणी पिळाची टॉर सळई वापरायचे, आता जी टीएमटी येते ती नाही. पिळाची सळई लवकर गंजते आणि गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. हे फ्लॅटमध्ये दिसणार नाही कारण विकणाऱ्याने रंग मारलेला असतो. तुम्ही आधी खाली पार्किंगला जा. कॉलमच्या कडेला उभी सरळ चीर आहे का बघा, कॉलमच्या कोपऱ्यावरून खाली उतरणारी चीर म्हणजे आत सळई गंजतेय. मग जिन्याच्या स्लॅबची खालची बाजू, छज्जे, आणि गच्चीवरच्या टाकीच्या खालचे बीम. टाकी वर्षानुवर्षं गळत असते आणि सगळ्यात आधी तिथलंच काँक्रीट जातं. तिथे सळई उघडी दिसली तर कोणी लक्ष देत नाही अशी बिल्डिंग आहे असं समजा.

भिंतीवर तिरकी चीर असेल, खिडकीच्या कोपऱ्यातून निघून वर जाणारी, तर ती पाया बसल्याची असू शकते. आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती आहे, पाण्याने फुगते उन्हाळ्यात आकसते, पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर असं होतं. प्लास्टरच्या केसासारख्या बारीक चिरा असतील तर त्याकडे दुर्लक्ष करा.

फ्लॅटमध्ये गेल्यावर माळ्यावर चढा. खरंच. माळ्याच्या आतल्या भिंतीला आणि कपाटाच्या मागे कोणी रंग मारत नाही, ओल तिथे खरी दिसते. टॉयलेट-बाथरूमच्या खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन त्यांच्या छताकडे बघा, तुमचं बाथरूम त्यांच्याकडे गळत असेल तर राहायला गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात ते दार वाजवणार आणि तो खर्च तुमचा. पाइप जीआयचे म्हणजे जुने लोखंडी आहेत का विचारा, तीस वर्षांत आतून गंजून अर्धे बंद होतात, प्रेशर कमी येतं म्हणाल्यात ना काकू, ते बहुतेक त्यामुळेच. ते बदलून सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचे करावे लागतील. वायरिंग पण बदलायचं धरून चाला, जुन्या वायरिंगला अर्थिंग धड नसतं आणि एसी-गिझरचा लोड धरलेला नसतो. ड्रेनेज मनपाच्या लाइनला जोडलंय का अजून सेप्टिक टँकच आहे हे पण बघा, जुन्या कॉलन्यांमध्ये अजून सापडतात.

वरचा मजला म्हणजे गच्ची तुमच्या डोक्यावर. गच्चीचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा वरचा थर, कधी केला ते विचारा. गच्ची सगळ्यांची असते त्यामुळे तिचं वॉटरप्रूफिंग सगळ्यांनी मिळून करायचं असतं, पण प्रत्यक्षात खालचे म्हणतात आमच्याकडे कुठे गळतंय. मागची दुरुस्ती सगळ्यांनी वर्गणी काढून केली होती का, एवढं एक कळलं तरी बिल्डिंगमध्ये एकी आहे का नाही ते समजतं. मला विचाराल तर बारा एकाच जातीचे मालक असूनही गच्चीसाठी पैसे न काढणारे पाहिलेत आणि तुम्ही सांगितली तशी सगळ्या प्रकारची माणसं असलेल्या बिल्डिंगमध्ये ठरलेल्या तारखेला पैसे जमा होताना पण पाहिलेत.

तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं मालकांना कायद्याने बंधनकारक आहे, महापालिका कायद्यातलं कलम २६५-अ. तो रिपोर्ट केलाय का विचारा. केला असेल तर झेरॉक्स मागा, नसेल तर तुम्ही स्वतः एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन जा, नुसतं बघायला आणि हातोडीने ठोकून बघायला फार पैसे घेत नाहीत. जमलं तर भर पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये बघा.

---

मखमलाबादवाला:

मी असतो तर जुनं घेतलं नसतं. लिफ्ट नाही, आज तुम्ही चढाल पण सासूबाईंना कधी आणायचं म्हटलं तर तिसरा मजला. वीस वर्षांनी बिल्डिंग पन्नाशीला आलेली असेल आणि लोन नुकतंच संपलेलं. थोडं लांब जा पण नवीन घ्या, मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव साईडला वन बीएचके बसेल बजेटमध्ये आणि नंतर मोठा घेता येतो. वस्तीचं मला काही म्हणायचं नाही, माणसं सगळीकडे चांगली-वाईट असतात.

---

प्रेस कॉलनीतली:

@मखमलाबादवाला लिफ्टचा मुद्दा बरोबर आहे भाऊ. पण आडगावहून बिटकोला रोज येणं-जाणं, मुलीची शाळा बदलायची, वर दोघांपैकी एकाला सेकंड शिफ्ट, याचा खर्च धरला की स्वस्त राहत नाही हो. आणि वन बीएचकेत मुलगी दहावीला येईपर्यंत काय करायचं?

---

वडाळा रोडकर:

मी थोडं वेगळं लिहितो. मी मुस्लिम आहे, जन्म जुन्या नाशिकमधला, शिक्षण सगळं मराठी मीडियम, नोकरी सातपूरला. लग्नानंतर भाड्याने घर शोधत होतो तेव्हा फोनवर सगळं ठरायचं, भाडं, डिपॉझिट, कधी येताय बघायला, आणि मग नाव विचारायचे. नाव सांगितलं की "मिसेसला विचारून सांगतो". चांगल्या शिकलेल्या लोकांनी केलंय हे, कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरा नगर सगळीकडे. शेवटी अशोका मार्गाच्या मागे खोडे नगरला फ्लॅट घेतला, तिथे आमच्या बिल्डिंगमध्ये बोहरी आहेत, गुजराती आहेत, मराठी आहेत, आणि आमच्या घरी पहिल्यांदा चहा घेऊन आल्या त्या मालेगावकडच्या पाटील काकू.

ताई तुम्ही ज्या टेलरिंगवाल्या कुटुंबाचं लिहिलंय, त्यांना ही बिल्डिंग मिळायच्या आधी किती दारं बंद झाली असतील ते मला विचारा. अशा बिल्डिंगमध्ये ज्याला जागा मिळाली तो ती जपतो, मेंटेनन्स वेळेवर देतो, आवाज वाढू देत नाही, कारण त्याला माहितीये की दुसरीकडे इतक्या सहज मिळणार नाही. तुमच्या घरच्यांना ज्याची भीती वाटते ना तिथे मला उलट भरवसा वाटतो.

विकायला गिऱ्हाईक मिळणार नाही म्हणतात ते पण तपासून बघा. ज्या बिल्डिंगमध्ये "फक्त आमच्यातलेच" असा अलिखित नियम असतो तिथे गिऱ्हाईक कमी होतं, कारण निम्मं शहर आधीच बाद केलेलं असतं. तुमच्याकडे कोणीही येऊ शकतो. फक्त एक बघा, बिल्डिंगमधले शेवटचे दोन-तीन फ्लॅट विकायला किती दिवस लागले आणि काय भावाने गेले, नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर इंडेक्स टू, म्हणजे रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा गोषवारा, ऑनलाइन शोधता येतो, तिथे रक्कम दिसते. एजंट सांगेल त्यापेक्षा ते खरं.

---

दस्त बघणारा:

वकिलांकडे काम करतो, रोज सबरजिस्ट्रार ऑफिसला असतो. कागदाचं लिहितो, थोडं लांबेल.

पहिला प्रश्न, ती सोसायटी आहे का अपार्टमेंट. नाशिकमध्ये जुन्या बिल्डिंगी बऱ्याच १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. त्यात बिल्डरने घोषणापत्र म्हणजे डिक्लरेशन रजिस्टर केलेलं असतं आणि मग प्रत्येकाला डीड ऑफ अपार्टमेंट करून द्यायचं असतं, त्यात जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा टक्क्यात लिहिलेला असतो. सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट असतं, आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली का म्हणजे कन्व्हेयन्स झालं का ते बघायचं. दोन्हीपैकी काहीच झालेलं नसेल, नुसतं १९९३ चं ॲग्रीमेंट आणि सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचं नाव, असं पण निघतं, तेव्हा किंमत त्या हिशोबाने पाडायची किंवा सोडायचं.

हा जमिनीचा हिस्सा का महत्त्वाचा ते नीट समजून घ्या. बिल्डिंग जुनी होत जाणार, तिची किंमत कमी होत जाणार, जमिनीची नाही. समजा प्लॉट ५०० चौरस मीटरचा आणि बारा जणांचा समान हिस्सा, तर साधारण ४२ चौरस मीटर जमीन तुमच्या नावाला लागते. पुढे कधी पुनर्विकास झाला तर बोलणी याच्यावर होतात. सोसायटीत ५१ टक्के सभासद तयार झाले तर पुनर्विकास पुढे जातो, अपार्टमेंटमध्ये संमतीचं प्रकरण जास्त किचकट असतं. आणि तुमचा भाग लष्करी हद्दीच्या जवळ आहे, हद्दीला लागून प्लॉट असेल तर नवीन बांधकामाला त्यांच्या एनओसीचा प्रश्न येतो, ते प्लॉट नंबरवरून आर्किटेक्टला विचारून घ्या. पुनर्विकास होणारच असं धरून जास्त पैसे देऊ नका.

बाकी कागद सांगतो: बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, मनपाचा पूर्णत्वाचा दाखला, सगळी जुनी ॲग्रीमेंट ओरिजिनल आणि त्यांचे इंडेक्स टू, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, घरपट्टी-पाणीपट्टीची आणि लाइट बिलाची बाकी नाही याच्या पावत्या, मेंटेनन्सचा नो ड्यूज. ओरिजिनल हरवलं असेल तर पोलिसात तक्रार आणि पेपरात जाहीर नोटीस, त्याशिवाय पुढे जायचं नाही. नोटीस तशी पण द्याच, देशदूत किंवा गावकरीला, कोणाची हरकत असेल तर विसार द्यायच्या आधी पुढे येते. विसार मोठा देऊ नका, आणि चेकने.

लोन मिळतं. बँकेचा व्हॅल्युअर बिल्डिंगचं उरलेलं आयुष्य काढतो आणि बहुतेक बँका कर्जाची मुदत त्याच्या आतच ठेवतात, म्हणजे वीस वर्षांऐवजी पंधरा किंवा कमी मिळू शकते आणि हप्ता वाढतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तीस लाखापर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं पण जुन्या बिल्डिंगला बँका तेवढं देतील असं धरू नका. ८० टक्के धरा, २६ लाखाला २० लाख ८० हजार, म्हणजे ५ लाख २० हजार तुमच्या खिशातून, वर स्टॅम्प ड्युटी, ती कर्जात धरत नाहीत, आणि रजिस्ट्रेशन १ टक्का म्हणजे २६ हजार. वर साईटवरच्या भाऊंनी सांगितलेलं पाइप-वायरिंग. तीस लाखात बसवायचं असेल तर २६ ला घेऊच नका, खाली आणा. व्हॅल्युएशन कमी आलं तर तोच कागद मालकाला दाखवून बोला.

एक फायद्याचं सांगतो. फ्लॅट फक्त तुमच्या नावावर, म्हणजे फक्त महिलेच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे. मिस्टरांचं नाव मालक म्हणून लावलं की ती गेली. कर्जाला ते सहकर्जदार राहू शकतात.

---

ओवीची आई:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. वडाळा रोडकर दादा तुमचं लिहिलेलं मिस्टरांना आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण रविवारी मी पण येते बघायला म्हणाल्या.

परत जाऊन आलो आम्ही. अपार्टमेंटच आहे, डिक्लरेशन झालेलं आहे असं शीख काका म्हणाले, तेच सध्या बिल्डिंगचा हिशोब बघतात, वही दाखवली, प्रत्येक महिन्याची सही आहे. गच्चीचं काम सगळ्यांनी पैसे काढून केलंय पण एका कोपऱ्यात पूर्वी मोबाईलचा टॉवर होता, तो काढला आणि त्याचे सिमेंटचे ओटे तसेच राहिले, ओल नेमकी तिथेच खाली येते. पार्किंगच्या कॉलमला चिरा दिसल्या नाहीत, टाकीखाली एका बीमचं प्लास्टर पडलंय.

दोन गोष्टी खटकल्या. जुन्या ॲग्रीमेंटमध्ये एक ओळ आहे की गच्चीचे हक्क बिल्डरने स्वतःकडे राखून ठेवलेत. आणि फ्लॅट मालक काका आणि त्यांच्या मिसेस अशा दोघांच्या नावावर होता, मिसेस वारल्या, एजंट म्हणतो काकांची सही पुरते. पुरते का?

---

साईटवरचा:

टॉवरचे ओटे तोडून तिथला कोबा परत करावा लागेल, ते ओटे स्लॅबमध्ये बोल्ट घालून बसवलेले असतात, त्या भोकातून पाणी उतरतं. काम फार मोठं नाही, पण तोडताना ब्रेकर मशीन लावू देऊ नका, छिन्नी-हातोडीनेच. टाकीखालच्या बीमचा फोटो पाठवा, सळई दिसतेय का आणि किती गंजलीये त्यावर सांगतो. तो खर्च बाराही जणांचा आहे, घ्यायच्या आधी त्यांच्या मीटिंगमध्ये ठरवून वहीत लिहून घ्या.

---

दस्त बघणारा:

काकांची एकट्याची सही पुरत नाही. मिसेसने मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्यांच्या हिश्श्याला नवरा, मुलगे आणि मुली सगळे सारखे वारस लागतात, लग्न झालेल्या मुली पण. किती मुलं आहेत ते विचारा, मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र मागा. मग एकतर मुलांनी काकांच्या नावे रजिस्टर हक्कसोडपत्र करून द्यायचं, नाहीतर सगळ्यांनी खरेदीखतावर विकणारे म्हणून सही करायची. कोणी परदेशात असेल तर रीतसर मुखत्यारपत्र लागेल, त्यात वेळ जातो, म्हणून साठेखतात मुदत तशी ठेवा.

गच्चीचं, अपार्टमेंट कायद्यात डिक्लरेशनमध्ये वेगळं काही लिहिलेलं नसेल तर गच्ची सामाईकच धरतात. त्यामुळे ॲग्रीमेंटमधली ओळ एकटी बघून घाबरू नका, डिक्लरेशन वाचा. ते रजिस्टर असतं, शीख काकांकडून दस्त नंबर आणि साल घ्या आणि सबरजिस्ट्रारकडे नक्कल मागा, त्यात गच्ची कुठल्या यादीत आहे, टॉवरचं भाडं कोण घेत होतं, आणि तुमच्या फ्लॅटपुढे किती टक्के लिहिलेत ते बघा. ती नक्कल हातात येईपर्यंत विसार देऊ नका, एजंट दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणेल, म्हणू द्या.